सूत्रधाराचा प्राणिसंग्रह

बहुतेक खेळांत प्रतिस्पर्धी समोर उभा असतो. परंतु असाही एक खेळ आहे, की ज्यात तो आधी कोणाच्या तरी कल्पनेत जन्मतो आणि मग खेळाडूंपुढे येऊन उभा राहतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. चारपाच जण मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एका वीराची, चेटक्याची किंवा चोराची भूमिका घेतो. एक जण मात्र सूत्रधार होतो. भुयारे कोठे आहेत, त्यांत कोण दडले आहे, हे त्यालाच ठाऊक असते. खेळाडू काय करणार ते तोंडाने सांगतात आणि ते साधले की फसले, याचा निर्णय पुष्कळदा फाशांवर सोपविला जातो.

आता प्रश्न असा, की त्या भुयारात कोणाला जागा द्यावी? १९७७ साली या खेळातील प्राण्यांचा 'मॉन्स्टर मॅन्युअल' नावाचा ग्रंथच निघाला. त्यात साडेतीनशेहून अधिक प्राण्यांचे वर्णन होते. एवढी गर्दी असताना नव्या प्राण्याने आपले स्थान कशाच्या बळावर मिळवावे? नुसती शक्ती वाढवून भागत नाही. दहा घावांनी मरणाऱ्या राक्षसाच्या जागी वीस घावांनी मरणारा आणला, तर खेळाडूंना फासे दुप्पट वेळा टाकावे लागतील, इतकेच.

या दृष्टीने गंजप्राण्याची कथा ऐकण्याजोगी आहे. गायगॅक्स यांना एकदा स्वस्त वस्तूंच्या दुकानात प्लॅस्टिकच्या चित्रविचित्र खेळण्यांची पिशवी मिळाली. त्यांतील एका खेळण्याच्या शेपटीला पंख्यासारखी पाती होती. असा प्राणी पृथ्वीवर कोणी पाहिलेला नव्हता. गायगॅक्स यांनी त्याला एक विलक्षण भूक दिली. हा प्राणी आपल्या मिशांनी लोखंडाला स्पर्श करतो. लोखंड तत्काळ गंजते आणि तो गंज खाऊन प्राणी तृप्त होतो. माणसाच्या अंगाला तो सहसा इजा करीत नाही. तरीसुद्धा महाकाय शत्रूपुढे न डगमगणारा चिलखतधारी योद्धा याला पाहताच पाठ दाखवितो! कारण वर्षानुवर्षांच्या पराक्रमाने मिळविलेली तलवार क्षणात मातीमोल होणार असते. त्या वेळी लाकडी दंडुका बाळगणारा साधा सोबतीच सर्वांच्या कामी येतो. ज्याच्यामुळे दुबळा उपयोगी आणि बलवान निरुपयोगी ठरतो, तो प्राणी आपली जागा खरोखर कमावतो. त्याच पिशवीतील आणखी एका खेळण्यातून घुबडाचे तोंड आणि अस्वलाचे धड असलेला प्राणी निघाला. तोही आज लोकप्रिय आहे, पण त्यात गंजप्राण्याची गंमत नाही.

काही प्राणी जागेच्या सोयीने जन्मले. या खेळाचे नकाशे चौकटीच्या कागदावर काढीत आणि एक चौकट बहुधा दहा फुटांची धरीत. म्हणून बरोबर दहा फूट लांब, रुंद आणि उंच असा एक पारदर्शक, लिबलिबीत ठोकळा कल्पिला गेला. तो भुयारातून सरकत वाटेतील सर्व काही गिळीत जातो. हसू येते खरे. परंतु भुयारे इतकी स्वच्छ कशी राहतात, याचेही उत्तर त्यातून मिळते.

परक्या घरून आणलेल्या प्राण्यांची गोष्ट निराळी. इंग्रज लेखक टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतील ठेंगू 'हॉबिट' आरंभी या खेळात त्याच नावाने वावरत होते. कादंबऱ्यांचे हक्क असणाऱ्यांनी हरकत घेतल्यावर १९७७ च्या सुमारास त्यांचे 'हाफलिंग' झाले. नाव गेले, स्वभाव तोच राहिला.

आपल्याकडचा राक्षसही १९७७ च्या ग्रंथात आहे, आणि तोही 'राक्षस' याच नावाने. चित्रात त्याला वाघाचे मुख दिले असून हातात धूम्रपानाची नळी आहे! वेषांतर करून फसविणे हा त्याचा गुण रामायणाशी जुळतो. सुवर्णमृग झालेला मारीच कोणाला आठवणार नाही? परंतु खेळातील राक्षस सरसकट दुष्ट ठरविला गेला. रामायणातला बिभीषण न्यायासाठी सख्ख्या भावाला सोडून जातो आणि महाभारतातला घटोत्कच पांडवांसाठी प्राण देतो. नाव उचलताना त्याच्यामागची माणुसकी मागेच राहिली, असे म्हणावे लागते.

याहून नाजूक प्रश्न देवांचा. १९८० साली निघालेल्या एका ग्रंथात ग्रीक आणि इतर देवतांबरोबर इंद्र आणि अग्नी यांचीही वर्णने आली. त्यांच्या बळाचे आकडेही दिले गेले. ज्याच्या प्राणांना आकडा दिला, तो फाशांनी शून्यावर आणता येतो. ज्या देवतांची पूजा आजही घरोघरी होते, त्यांना अशा रीतीने मेजावर आणू नये, असे कोणास वाटले तर ते अवाजवी नाही. सूत्रधाराने आपल्या मेजाभोवती कोण बसले आहे, हे आधी पाहावे.

अलीकडे दुसराच वाद निघाला. 'ऑर्क' नावाचे रानटी लोक या खेळात फार जुने आहेत. त्यांना दिसताच मारावे, हा जणू नियमच होता. एक संपूर्ण जात जन्मतःच दुष्ट कशी असू शकेल, असे अनेकांनी विचारले. आणि २०२० साली प्रकाशकांनी यापुढे ऑर्कांना इतर लोकांइतकेच विविध स्वभावांचे दाखवू, असे जाहीर केले. काही जुन्या खेळाडूंना ते रुचले नाही. निःशंकपणे ज्याच्यावर तलवार चालवावी असा शत्रू हवा, असे त्यांचे म्हणणे. तशा शत्रूंचा या खेळात तोटा नाही. तो लिबलिबीत ठोकळा कोणाच्याच दयेस पात्र नाही. पण ऑर्कांची टोळी समोर आली, की आता एखादी खेळाडू मुलगी तलवार उपसण्याऐवजी विचारते, "तुम्हांला काय हवे आहे?" आणि त्याचे उत्तर सूत्रधाराला द्यावे लागते.