लसींची शीतपेटी आणि विजेतील बिघाड

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रातील एका यंत्रावर परिसरातील गावांच्या बालकांचे आरोग्य अवलंबून असते. ते यंत्र म्हणजे लसींची शीतपेटी, अर्थात आय. एल. आर. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. त्यातील लसी आरोग्य केंद्रात २ ते ८ अंश तापमानातच ठेवाव्या लागतात. निकामी झालेली लस नुसती पाहून सहसा ओळखता येत नाही. ती टोचलेले बालक मात्र रोगापासून असुरक्षितच राहते.

पेटी थांबली की यंत्र जळाले, असा समज होतो. वस्तुतः दोष पुष्कळदा यंत्राच्या अलीकडे, विजेच्या वाटेवर असतो. म्हणून तपासणी त्याच क्रमाने करावी. प्रथम भिंतीवरील सॉकेटमध्ये वीज आहे काय, हे दुसरे उपकरण लावून पाहावे. नंतर प्लग सैल किंवा करपलेला आहे काय ते पाहावे. पुढे स्टॅबिलायझरचा फ्यूज आणि त्यावरील दाबदर्शक तपासावा. इथवर सारे ठीक असूनही पेटी सुरू होत नसेल, तरच दोष पेटीत आहे असे समजावे.

केळी व कापसाच्या शिवारात एकाच रोहित्रावरील अनेक पंप एकदम सुरू झाले, की विजेचा दाब घसरतो. कमी दाबावर कॉम्प्रेसर फिरू शकत नाही. तो घुमतो, तापतो आणि संरक्षक रिले ‘टक्’ असा आवाज करून त्याला बंद पाडतो. हा आवाज वारंवार येणे हे दाब कमी असल्याचे किंवा कॉम्प्रेसरच्या दोषाचे लक्षण होय. वीज गेल्यावर लगेच परत आली, तरी कॉम्प्रेसर काही मिनिटांनीच सुरू व्हावा लागतो. आतील वायूचा दाब समतोल होण्यास तेवढा अवधी हवा असतो. दाब सावरणे व असा अवधी देणे, ही दोन्ही कामे चांगला स्टॅबिलायझर करतो. तो वगळून पेटी थेट सॉकेटला जोडणे किंवा फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे यंत्र आगीच्या तोंडी देणे होय. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, तेव्हा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. त्यात वेळोवेळी पाणी घालावे.

वीज गेल्यास घाईने झाकण उघडू नये. पेटीच्या अस्तरातील बर्फ बंद झाकणाआड थंडावा बराच काळ टिकवून धरतो. तापमान ८ अंशांकडे सरकू लागल्यास लसी बर्फाच्या पिशव्यांसह कोल्ड बॉक्समध्ये हलवाव्यात. मात्र या पिशव्या फ्रीझरमधून काढताच वापरू नयेत, आतील बर्फ किंचित वितळू द्यावा. पेटी अधिक गार करण्यासाठी थर्मोस्टॅट फिरवणे तर घातकच. हिपॅटायटिस-बी आणि पेंटाव्हॅलंटसारख्या लसी गोठल्या की निकामी होतात. कुपीवरील उष्णतादर्शक खूण उष्णतेचा परिणाम दाखवते, गोठल्याचा नव्हे.

कॉम्प्रेसर, वायू आणि आतील जोडण्या यांची दुरुस्ती शीतसाखळी तंत्रज्ञाचेच काम आहे. त्याला कळवताना बिघाडाची वेळ, त्या वेळचे तापमान आणि दाबदर्शकावरील आकडा सांगितल्यास दोष लवकर सापडतो. म्हणून सकाळ-संध्याकाळच्या तापमानाची नोंद, सुटीच्या दिवशीही, महत्त्वाची ठरते.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांतील दूरच्या पाड्यांपर्यंत लस पोहोचविण्यासाठी आरोग्य सेविका मोठे परिश्रम घेतात. त्या परिश्रमांचे चीज व्हावे यासाठी पंचायत सदस्यांनी आरोग्य केंद्राच्या भेटीत सॉकेट, स्टॅबिलायझर, अर्थिंग व नोंदवही या चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. रोहित्रावरील भार वाढला असल्यास वीज कंपनीकडे वेळीच पाठपुरावा करावा. यंत्र तंत्रज्ञ दुरुस्त करील. त्याच्यापर्यंत जाणारी वीज नीट ठेवणे मात्र गावाच्या हाती आहे.