दिवसाची मोजणी, तासिकेची मोजणी

महाविद्यालयातील मंजूर पद रिक्त असताना, कायम नेमणूक न करता, ठरावीक मानधनावर आणि ठरावीक मुदतीपुरते ज्या प्राध्यापकाकडून त्या पदाचे काम करून घेतले जाते, त्याला मध्य प्रदेशात ‘अतिथी विद्वान’ म्हणतात. महाराष्ट्रात तोच ‘तासिका तत्त्वावरील प्राध्यापक’ किंवा स्टाफरूमच्या बोलीत नुसता ‘सीएचबी’ (क्लॉक अवर बेसिस) असतो. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरच्या राजघाटावरून वाहणारी तापी पुढे जळगाव जिल्ह्यात शिरते, आणि बुऱ्हाणपूर-शाहपूरची मराठी कुटुंबे व रावेर-मुक्ताईनगरकडील कुटुंबे यांच्यात सोयरीक असल्यामुळे ही दोन्ही नावे या पट्ट्यात सारखीच ओळखीची आहेत. नाव बदलले तरी प्रश्न एकच राहतो, तो असा की काम कायमचे आहे आणि ते करणारा माणूस मात्र तात्पुरता ठेवला आहे.

फरक आहे तो मोजणीचा. मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांत मानधन कार्यदिवसावर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या दिवसावर मोजले जाते. पूर्वी हा दर दिवसाला १,५०० रुपये होता. सप्टेंबर २०२३ मध्ये भोपाळला भरलेल्या अतिथी विद्वानांच्या महापंचायतीत तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दरमहा ५०,००० रुपयांपर्यंत मानधन देण्याची घोषणा केली आणि दर दिवसाला २,००० रुपये झाला. ‘पर्यंत’ हा शब्द येथे नीट वाचायला हवा, कारण ती रक्कम गाठायची तर महिन्यात २५ कार्यदिवस भरावे लागतात, आणि सणासुदीच्या महिन्यात ते २० भरले तर हातात ४०,०००च पडतात. महाराष्ट्रात मोजणी तासिकेची आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवी वर्गांसाठी तासिकेचा दर ६२५ वरून ९०० रुपये करण्यात आला. आठवड्याला नऊ तासिका धरल्या तर चार आठवड्यांचे ३२,४०० रुपये होतात, पण दिवाळीची सुटी, परीक्षांचा काळ आणि उन्हाळा यांत तासिकाच नसल्याने मानधनही नसते. याउलट सातव्या वेतन आयोगानुसार नियमित सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि पगारी सुट्या वेगळ्या.

मोजणीचे एकक ठरले की काय मोजायचे नाही हेही आपोआप ठरते, आणि या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय येथेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरवताना एकूण काम मात्र ४० तासांचे धरले आहे. म्हणजे वाचन, तयारी, मूल्यमापन आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन हा अध्यापनाचाच भाग आहे, हे आयोगालाही मान्य आहे. तासिकेवर मानधन घेणाऱ्याच्या बाबतीत हा भाग हिशेबातून गळतो. एका तासिकेसाठी त्याने आदल्या रात्री टिपणे काढलेली असतात, वर्गात हजेरी घेतलेली असते, घरी नेलेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून गुण भरलेले असतात. महिनाअखेरीच्या बिलात मात्र त्यातली फक्त तासिका उरते. दिवसावर मोजणी होणाऱ्या बुऱ्हाणपूरसारख्या ठिकाणीही एकाच वर्गात घरी मराठी, निमाडी, उर्दू किंवा कोरकू बोलणारी मुले बसतात, आणि हिंदीतले पाठ्यपुस्तक त्यांच्यापर्यंत पोचवण्याचा वेळ कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. मध्य प्रदेशाने २०२१ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू केल्यावर पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प आणि इंटर्नशिप आली, तसे मार्गदर्शनाचे कामही वाढले.

मानधनापेक्षा जास्त जाचते ती अनिश्चितता. लोकसेवा आयोगातून निवडलेला किंवा बदलीने आलेला नियमित प्राध्यापक त्या पदावर हजर झाला की अतिथी विद्वानाला जावे लागते. याला मध्य प्रदेशात ‘फॉलन आउट’ म्हणतात. मग पुन्हा ऑनलाइन अर्ज, गुणानुक्रम, महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरणे आणि कधी कधी दूरचा जिल्हा, हे चक्र सुरू होते. डिसेंबर २०१९ मध्ये अशा रीतीने मोठ्या संख्येने बाहेर पडलेले अतिथी विद्वान भोपाळच्या शाहजहानी पार्कात ऐन थंडीत धरणे धरून बसले होते. अतिथी म्हणजे चार दिवस राहून जाणारा पाहुणा. वर्षानुवर्षे शिकवत आलेल्या माणसासाठी हा शब्द वापरणे योग्य नाही.

ही स्थिती भारतापुरती नाही; अमेरिकेतही ‘अॅडजंक्ट’ म्हणून नेमलेले प्राध्यापक अभ्यासक्रमागणिक मोबदला घेऊन दोन-तीन महाविद्यालयांत धावत शिकवतात. भारतात कायद्याच्या बाजूने पाहिले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने नियमित प्रक्रियेबाहेरच्या नेमणुका कायम करण्यावर बंधन घातले, तरी वेतनाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तेच काम करणाऱ्या नियमितांना सुमारे १,३६,००० रुपये मिळत असताना यांना ३०,०००वर ठेवणे अस्वस्थ करणारे आहे असे म्हटले आणि वेतनश्रेणीच्या किमान टप्प्यावरील त्यांचा हक्क मान्य केला. हरियाणाने २०२४ मध्ये अशा प्राध्यापकांच्या सेवासुरक्षेचा कायदाच केला असून मध्य प्रदेशातील संघटना त्याचाच आग्रह धरत आहेत.

तोवर सत्राच्या मध्यावर शिक्षक बदलत राहतात. ऑक्टोबरात प्रकल्पाचा विषय ठरवून देणारे सर जानेवारीत ‘फॉलन आउट’ झाले, तर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला अर्धी भरलेली प्रकल्पवही घेऊन, आता यावर सही कोणाची, हे विभागाविभागात विचारत फिरावे लागते.