शेजाऱ्याची मोकाट कुत्री : तंटा न वाढवता बंदोबस्त कसा कराल?



मळ्यात, वस्तीवर कुत्रं पाहिजेच. राखणीला त्याच्यासारखा गडी नाही. पण शेजारच्या वस्तीवरची तीन-चार कुत्री दिवसरात्र मोकाट सुटलेली असली, की राखण एकाची आणि जाच दुसऱ्याला, असा प्रकार होतो. शाळेला जाणारी पोरं वाट सोडून बांधावरून फिरून जातात. रात्रीची लाईट म्हणून पाणी द्यायला निघालेला माणूस हातात काठी असूनही दचकतो. आणि एखाद्या दिवशी चरायला सोडलेल्या शेळ्यांतली गाभण शेळी मांडी फाटून घरी येते. मग शिवीगाळ, मग काठ्या, मग पोलीस स्टेशन. हे सगळं टाळता येतं. ते कसं, एवढंच या पत्रकात सांगायचं आहे.

कुत्रं अंगावर का येतं ते आधी पाहू. कुत्रं आपली हद्द धरून राहतं, पण ती हद्द सात-बारावरची नव्हे! जिथवर ते रोज फिरतं तिथवर सगळं त्याचंच. त्यातून मधली पायवाट गेली, की वाटसरू त्याला चोर वाटतो. एकटं कुत्रं बहुधा भुंकून थांबतं. तीन-चार जमली, की एकाच्या जिवावर दुसरं धावतं. पिल्लं असलेली कुत्री आणि भादव्यातले कुत्रे जास्त तापट. तोकड्या साखळीला दिवसभर जखडलेलं कुत्रंही सुटलं की अंगावर येतं.

आणखी एक कारण आपल्याच गावात असतं, आणि त्याकडे कोणी बघत नाही. मेलेली वासरं, शेळ्या ओढ्यात टाकून द्यायच्या, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या बांधाला फेकायच्या. कुत्र्यांना तिथे टोळीनं खायची सवय लागते. मेलेलं मिळेनासं झालं, की जिवंत करडावर झडप घालायला त्यांना वेळ लागत नाही. तेव्हा मेलेलं जनावर खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरावं. हे काम शेजाऱ्याआधी आपण स्वतः करावं, म्हणजे बोलायला तोंड राहतं.

शेजाऱ्याशी बोलायचं कसं

भांडणाच्या वेळी बोलू नका. शेळी फाडली त्याच संध्याकाळी तावातावानं गेलात, तर तो 'माझं कुत्रं असं करणारच नाही' म्हणणार आणि गोष्ट तिथेच अडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी, जमल्यास दोघांच्या ओळखीचा वडीलधारा माणूस बरोबर घेऊन जा. 'अण्णा, तुमचं कुत्रं राखणीला चांगलं आहे, पण पोरं शाळेला जाताना अंगावर येतंय. सकाळी आणि पोरं सुटायच्या वेळेला बांधून ठेवता का?' असं ठराविक मागणं मागावं. 'कुत्र्याचा बंदोबस्त करा' असं मोघम बोललं, की माणूस हो म्हणतो आणि काहीच करत नाही.

बांधायचं म्हणजे हातभर साखळीला नव्हे. दोन खांबांत किंवा खांब आणि झाड यांच्यात जाड तार ताणावी, तारेत कडी ओवावी आणि कडीला साखळी अडकवावी. कुत्रं तारेच्या लांबीभर ये-जा करतं, राखण होते आणि वाट मोकळी राहते. सावली आणि पाणी तिथेच हवं. तार, कडी घरात पडलेली असेल तर आपणहून नेऊन द्या. पन्नास-शंभराच्या तारेनं भाऊबंदकी वाचत असेल तर ती महाग नाही.

लसीचा विषयही त्याच बैठकीत काढावा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पिसाळण्याविरुद्धची पहिली लस, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा आणि नंतर दरवर्षी. गावात पाच-सहा घरची कुत्री एकत्र करून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं, तर काम सोपं होतं. नसबंदी केली तर पिल्लांचा आणि भादव्यातल्या झुंडीचा त्रास कमी होतो. जुन्नर, अकोले भागातल्या मंडळींना एक जादा गोष्ट सांगतो. मोकाट कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाद्य आहे. अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात कुत्र्याचेच अवशेष सर्वांत जास्त आढळले. रात्री कुत्रं बंदिस्त ठेवणं हे शेजाऱ्याच्या कुत्र्याच्याही भल्याचं आहे, हे त्याला जरूर सांगा.

आपल्या बाजूनं शेळ्यांच्या वाड्याला बाभळीचं कुंपण असेल तर खालची बाजू दाट करा, कुत्रं खालूनच घुसतं. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. उभं राहा, डोळ्याला डोळा भिडवू नका, काठी किंवा पिशवी मध्ये धरा आणि हळूहळू मागे सरा. पोरांना हे घरी करून दाखवा. मोटारसायकलमागे धावलं तर वेग वाढवू नका, कमी करा. माणसं चाव्यापेक्षा गाडीवरून पडूनच जास्त जायबंदी होतात.

माणसाला चावलं तर

इथे मात्र शेजारधर्म बाजूला ठेवून लागलीच कामाला लागायचं. पिसाळण्याचा रोग एकदा अंगात उठला, की त्यावर औषध नाही. पण चावल्याबरोबर नीट उपाय केला तर तो अडवता येतो.

पहिलं काम पाण्याचं. मोटारीच्या पाण्याखाली किंवा नळाखाली जखम धरून साबण लावून १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं, अंदाजे नव्हे. साबण अंगाचा असो की कपड्याचा, चालतो. हळद, चुना, तिखट, रॉकेल, तेल काही भरू नका. पट्टी आवळू नका. उतारा, मंत्र, जडीबुटी यांत गेलेला दिवस परत मिळत नाही.

मग तसेच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडावर कातडीत टोचतात, चावल्यानंतर सुरुवातीच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही ठिकाणी स्नायूत देतात, तेव्हा चौदाव्या दिवसाचं एक वाढतं. रक्त आलेलं असेल तर लशीशिवाय जखमेतच सोडायचं वेगळं औषध असतं, ते मिळालं का हे डॉक्टरांना विचारा. तोंड, मान, हाताची बोटं इथला चावा जास्त धोक्याचा. पेरणी आली, तोडणी आली म्हणून मधलं इंजेक्शन चुकवू नका.

चावलेलं कुत्रं मारू नका. त्याला १० दिवस बांधून नजरेखाली ठेवायला शेजाऱ्याला सांगा. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर डॉक्टर पुढचं ठरवतील. कुत्र्याला लस दिली आहे, आपल्याला इंजेक्शन नको, असं परस्पर ठरवू नका. आणि दहा दिवस वाट बघून मग लस सुरू करायची, हे तर मुळीच नाही. लस त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे.

गाय, म्हैस, शेळीला चावलं तर

जखम तशीच साबणपाण्यानं धुवायची, पण हातात प्लॅस्टिकची पिशवी किंवा मोजे घालून. नंतर पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. १९६२ हा पशुसेवेचा मोफत फोन नंबर आहे, तो गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. चावल्यानंतर जनावरालाही लशीचा पाच टोचण्यांचा क्रम असतो. गाभण शेळी नुसत्या धसक्यानं गाभडते, तिला वेगळी, शांत जागी ठेवा. जखमेत आसडी पडणार नाहीत यावर रोज नजर ठेवा.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. चावा विसरला जातो आणि महिना-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, जनावर घोगऱ्या आवाजात सारखं हंबरू लागतं, तोंडातून लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, मागून जोर करतं, नाहीतर ढुशी मारायला धावतं. आपल्याला वाटतं, घशात कणसाचा दांडा अडकला. आणि घरचा मालक कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. बंधूंनो, अशा वेळी तोंडात हात घालू नका. हाताला साधी खरचटलेली जागा असली तरी लाळेतून विष आत जातं. कोणी हात घातला असेल तर त्यानंही साबणानं हात धुऊन आरोग्य केंद्र गाठावं. अशा जनावराचं कच्चं दूध, चीक वापरू नये. आधी कच्चं पिऊन झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. उकळलेल्या दुधाची भीती बाळगू नका.

शेजारी ऐकतच नसेल तर

तारीख, वेळ, काय झालं हे वहीत लिहून ठेवा. मोबाईलवर जखमेचा, शेळीचा, कुत्र्याचा फोटो घ्या. दवाखान्याचा कागद जपून ठेवा. जनावर मेलं तर डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या आणि विमा असेल तर कानातला बिल्ला काढून टाकू नका. मग ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. बहुतेक गावांत प्रकरण इथेच मिटतं.

नाही मिटलं तर कायदा आहे. भारतीय न्याय संहिता २०२३ च्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा मोठी दुखापत होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे माणसाच्या धोक्यापुरतं. शेळीचे पैसे हवेत तर समेटानं घ्या, नाहीतर दिवाणी दावा. दोन शेळ्यांसाठी तालुक्याच्या खेपा परवडतात का, हे आधी घरात बसून मोजा. मला विचाराल तर पंचांसमोर ठरलेली निम्मी रक्कम बरी. कुत्रं कोणाचंच नसेल, तर त्याची नसबंदी आणि लस हे २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचं काम आहे, अर्ज तिथेच करावा.

विष मात्र घालू नका. त्याच संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला विष घालून मारणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, म्हणजे फिर्यादीचे तुम्ही आरोपी होता. शिवाय विषाचा तुकडा शेजाऱ्याचंच कुत्रं खाईल याचा भरवसा काय? कावळे, घारी, तुमचं स्वतःचं राखणीचं कुत्रं, कोणीही खाईल. कुंपणात थेट लाईनचा करंट सोडण्याचंही तेच. अंधारात त्या तारेला बहुधा आपल्याच घरातलं माणूस लागतं.