गर्भाशयाचें अंतर्दर्शन

आजचा विषय पुरुषानें हातीं घ्यावा काय, असें कित्येक वाचकभगिनी विचारतील. परंतु याच संकोचापायीं आमच्या घरांत तीन महिने व्यर्थ गेले, म्हणून लिहिणें प्राप्त आहे.

आमच्या थोरल्या वहिनींचें वय 67. ऋतु बंद होऊन पंधराहून अधिक वर्षें लोटलेलीं. गेल्या चातुर्मासांत त्यांस पुनः किंचित् रक्तस्राव होऊं लागला. उष्णतेचा विकार समजून त्या धने-जिऱ्याचें पाणी घेत राहिल्या. कोणाजवळ अवाक्षर बोलल्या नाहींत. अखेर धाकट्या सूनबाईंनीं लुगड्यावरील डागावरून ओळखलें. ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेलों, त्यांनीं सोनोग्राफी होतांच पिशवी काढण्याचा दिवसच नेमून दिला! आम्ही दुसऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंस विचारलें. त्या म्हणाल्या, “काका, अगोदर आंत काय आहे तें पाहूं, काढावयाचें काय तें मग ठरेल.”

ऋतु बंद झाल्यावर रक्ताचा एक थेंबही उपेक्षणीय नव्हे. अशा दहा जणींत सुमारें एकीस गर्भाशयाचा कर्करोग निघतो. इतरांस बहुधा अस्तर सुकल्यामुळें किंवा एखाद्या निरुपद्रवी कोंबामुळें स्राव होतो. सोनोग्राफींत अस्तर 4 मिलिमीटरांहून जाड दिसलें कीं पुढील तपास करितात. वहिनींचें 9 होतें.

हा तपास म्हणजे हिस्टेरोस्कोपी. गर्भाशयाची पोकळी एरव्हीं पोकळ नसतेच. पुढची व मागची भिंत एकमेकींस टेकलेल्या असतात. म्हणून सलाईन सोडून ती फुगवितात आणि तीन ते पांच मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनिमार्गानें आंत नेतात. पोटावर छेद नाहीं. अस्तरावरील कोंब, आंत डोकावणारी फायब्रॉइडची गांठ, पोकळी दुभागणारी जन्मजात भिंत, हें सर्व पडद्यावर दिसतें आणि पुष्कळदां त्याच वेळीं दूरही करितां येतें. भिंती एकमेकींस चिकटण्याचा विकार 1948 सालीं डॉ. जोसेफ आशरमन यांनीं सविस्तर वर्णिला. त्याचें नेहमींचें कारण गर्भपात वा प्रसूतीनंतरचें क्युरेटिंग, आपल्याकडे क्षयरोगही. लेकी-सुनांची पाळी क्युरेटिंगनंतर एकाएकीं तुटपुंजी झाली, तर हें आठवावें.

नुसतें क्युरेटिंग म्हणजे अंधारांत चांचपणें. लवचीक कोंब त्या चमच्याखालून निसटतो. डोळ्यांनीं पाहाण्याचा पहिला यशस्वी प्रयोग 1869 सालीं पँटालिओनी यांनीं केला. रोगीही साठीची, तक्रारही हीच. कोंब दिसला व तो सिल्व्हर नायट्रेटनें जाळला. (सुश्रुतसंहितेंत रोगदर्शनार्थ नाडीयंत्रें सांगितलीं आहेत हें खरें, परंतु म्हणून ही दुर्बीण आपलीच, असें आम्ही म्हणणार नाहीं.)

2019 सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या किती तरी तरुण स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचें उघडकीस आलें, तेव्हां आम्ही नुसते हळहळलों. तोच प्रसंग आमच्या शिकलेल्या घराच्या उंबऱ्याशीं आला होता. कर्करोग निघाल्यास पिशवी काढणें हाच मुख्य उपाय, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो न पाहतां काढण्याविषयीं.

वहिनींस सुपारीएवढा एक कोंब निघाला. तो तेथल्या तेथें काढला, तपासणीस पाठविला. निकाल निर्दोष आला. त्या सायंकाळींच घरीं परतल्या. डॉक्टरीणबाईंनीं आंतील चित्राची एक प्रत दिली होती. ती त्यांनीं तिन्ही सुनांस दाखविली. आम्हांस मात्र नाहीं.