निर्यातीच्या वाटेवर सांडलेले दाणे

बादली, पाण्याची टाकी किंवा मोटारीचा सुटा भाग घडवणाऱ्या कारखान्यात प्लास्टिक येते ते 2 ते 5 मिलिमीटर आकाराच्या दाण्यांच्या रूपात. ‘नर्डल’ या नावानेही ओळखले जाणारे हे दाणे पेट्रोरसायन प्रकल्पांत तयार होतात आणि गोण्यांत भरून कंटेनर जहाजांनी देशोदेशी निर्यात केले जातात. मे 2021 मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज कोलंबो बंदराबाहेर पेटले, तेव्हा त्यावर असे सुमारे 1,680 टन दाणे होते. जहाज जूनमध्ये बुडाले, श्रीलंकेचा पश्चिम किनारा दाण्यांनी पांढरा झाला आणि तेथील मासेमारीही थांबवावी लागली.

पॉलिथिलीन या प्लास्टिकची घनता समुद्राच्या पाण्याहून कमी असल्याने त्याचे दाणे तरंगत राहतात, प्रवाहांबरोबर दूरवर जातात, आणि दिसायला माशांच्या अंड्यांसारखे असल्याने मासे व समुद्रपक्षी ते गिळतात. पोटात साठणारे प्लास्टिक ही त्यातली अर्धीच हानी होय. डीडीटी किंवा पीसीबी यांसारखी, पाण्यात जवळजवळ न विरघळणारी विषारी संयुगे दाण्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात, ज्या क्रियेला अधिशोषण म्हणतात, आणि त्यामुळे आसपासच्या पाण्यात अत्यल्प असलेले विष दाण्यावर कित्येक पटींनी एकवटते. हा गुणधर्म इतका भरवशाचा आहे, की टोकियोतील शास्त्रज्ञ हिदेशिगे ताकादा 2005 पासून जगभरच्या किनाऱ्यांवरून लोकांनी पाठवलेले दाणे तपासून त्या त्या समुद्राचे प्रदूषण मोजत आले आहेत. कोलंबोजवळ तर आगीत वितळून काळ्या झालेल्या गुठळ्याही वाहून आल्या, ज्यांत अर्धवट ज्वलनातून तयार होणारी हायड्रोकार्बने होती.

‘एक्स-प्रेस पर्ल’वरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते. ते धोकादायक मालाच्या यादीत होते, दाणे मात्र नव्हते. हाताला इजा न करणारी वस्तू समुद्रालाही निरुपद्रवीच असेल, हे त्या वर्गवारीमागचे गृहीतक चुकीचे आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2024 मध्ये दाण्यांसाठी मजबूत वेष्टन वापरावे, वाहतुकीच्या माहितीत अशा कंटेनरांची स्पष्ट ओळख द्यावी आणि ते शक्यतो डेकखाली ठेवावेत, अशा सूचना काढल्या. पण त्या ऐच्छिक आहेत. मे 2025 मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज 640 कंटेनरांसह बुडाले, तेव्हा त्यांपैकी 13 घातक मालाचे असल्याचे जाहीर झाले. तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर थोड्याच दिवसांत पसरलेल्या दाण्यांची गणना त्या वर्गात होतच नाही.