अभियांत्रिकीतल्या मुली: समज आणि आकडे

भारतात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांत स्त्रिया सुमारे 43 टक्के आहेत. हा आकडा पुढे करून अभियांत्रिकीतली तफावत संपल्याचे सांगितले जाते. तो सगळ्या शाखांचा मिळून आहे. विज्ञानाच्या पदवी वर्गांत मुली निम्म्याहून अधिक. अभियांत्रिकीत मात्र 2020-21च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार जेमतेम 29 टक्के. एकत्रित आकडा फुगतो तो विज्ञानामुळे.

मुलींना यंत्रांची मुळात आवड नसते, हे नेहमीचे स्पष्टीकरण. तसे असते तर प्रमाण सर्वकाळ सारखेच राहिले असते. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत 1984च्या सुमारास 37 टक्के स्त्रिया होत्या. पुढच्या पंचवीस वर्षांत त्या 18 टक्क्यांवर आल्या. एवढ्या अवधीत कोणाची मुळातली आवड बदलत नाही. घरगुती संगणक मात्र मुलग्यांची वस्तू म्हणून विकला गेला आणि तो आधीच हाताळलेले विद्यार्थी पहिल्याच वर्षी पुढे निघून गेले. तफावत काळाबरोबर आपोआप मिटते, ही आशाही याच आकड्यांपुढे टिकत नाही.

सर्वाधिक वाद आयआयटीतल्या अतिरिक्त जागांवरून होतो. 2016 साली तिथे मुली 8 टक्क्यांच्या आसपास होत्या. 2018पासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण झाल्या आणि लक्ष्य 14, 17 व 2020 साली 20 टक्के असे चढत गेले. यात मुलग्यांच्या जागा कापलेल्या नाहीत आणि जेईई ॲडव्हान्स्डची पात्रता मुलींनाही चुकलेली नाही. मुलींच्या यादीचा शेवटचा रँक बहुतेकदा खाली असतो, हे खरे. पण ही परीक्षा तयारीचीही असते. मुलीला राजस्थानातल्या कोटा शहरात शिकवणीला पाठवायला किंवा एक वर्ष थांबवून पुन्हा बसवायला अनेक घरे राजी नसतात, ही बाब रँकच्या आकड्यात दिसत नाही.

मेकॅनिकल मुलींना झेपत नाही, हा समज सर्वांत चिवट. कारखान्याचे दारच दीर्घकाळ अर्धे बंद होते, हे त्यात विसरले जाते. 1948च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवण्यास मनाई केली. पाळ्यांवर चालणाऱ्या कारखान्यात अशा अभियंत्याला कोण घेणार? 1974 साली टाटांच्या टेल्को या वाहन कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. त्यावर सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले. त्यांना मुलाखतीला बोलावले गेले आणि पुण्यात नोकरीही मिळाली. रात्रपाळीची मनाई राज्याराज्यांनी अटींसह सैल केली, ती बरीच नंतर.