मालगुंडची वाट

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राच्या काठी मालगुंड नावाचे एक गाव आहे. गणपतीपुळ्याच्या देवळापासून ते सुमारे दोन किलोमीटर अंतरावर आहे. पुळ्यास येणारे पुष्कळसे प्रवासी देवदर्शन आटोपून माघारी वळतात. परंतु ज्यांना कवितेची गोडी आहे, ते आणखी थोडी वाट चालून मालगुंडास जातात. आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले गेलेले कवी केशवसुत १८६६ साली याच गावी जन्मले.

एखाद्या जाणत्या माणसाच्या सोबतीने कवीच्या गावी पायी हिंडावे, त्याचे घर पाहावे आणि त्याच्या कविता तेथेच वाचाव्या, अशी प्रथा पुष्कळ देशांत आहे. शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड येथील जन्मघर तर लोकांनी १८४७ साली वर्गणी जमवून विकत घेतले. मालगुंडची फेरी त्या मानाने फारच लहान. सावकाश चालले तरी ती अर्ध्या दिवसात पुरी होते.

या फेरीचा आरंभ घरापासून न करता समुद्रापासून करावा, हे बरे. किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे पुढे अरबी समुद्र पसरलेला दिसतो आणि मागे नारळी-पोफळीच्या बागा. पावसाळ्याच्या तोंडी नैर्ऋत्येकडून, म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधल्या दिशेने, येथे जोराचा वारा सुटतो. तो समुद्रावरून ढग आणतो, कोकणपट्टी भिजवतो आणि सह्याद्री ओलांडून देशावर जातो. केशवसुतांची ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ नावाची एक कविता आहे. कोकणापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या अंगाला हा वारा लागतो आणि त्यासरशी त्याला आपला मुलूख आठवतो. वारा कोणत्या वाटेने आला हे ज्याने किनाऱ्यावर उभे राहून पाहिले आहे, त्याला त्या कवितेचे नाव निराळे समजावून सांगावे लागत नाही.

मालगुंड त्यांना लहानपणीच सुटले. शिक्षणासाठी बडोदे, नागपूर, पुणे आणि पुढे नोकरीसाठी मुंबई, खानदेश, धारवाड अशी त्यांची भ्रमंती झाली. ते शाळेत शिकवीत. मिळकत बेताची आणि नोकरी अस्थिर; तरीही त्यांनी मराठी कवितेला नवे वळण लावले. पूर्वीचे कवी बहुधा देवादिकांच्या आणि राजांच्या कथा गात. केशवसुतांनी स्वतःच्या मनातील सुखदुःखे आणि समाजातील अन्याय हे विषय कवितेत आणले. १८९३ साली लिहिलेल्या ‘तुतारी’ या कवितेत त्यांनी जुनाट रूढींविरुद्ध उठण्याची हाक दिली. चौदा ओळींचा इंग्रजी काव्यप्रकारही मराठीत त्यांनीच रुजवला. आज आपण त्याला सुनीत म्हणतो.

किनाऱ्यावरून गावात शिरले की जन्मघर लागते. घर जुन्या कोकणी पद्धतीचे असून आत त्या काळच्या घरगुती वस्तू मांडून ठेविल्या आहेत. कवीचे वडील केशव विठ्ठल दामले हे शिक्षक होते. कवीचे खरे नाव कृष्णाजी. सुत म्हणजे पुत्र. तेव्हा केशवसुत या नावात स्वतःच्या नावाचे एक अक्षरही नाही, वडिलांचे मात्र संपूर्ण आहे! त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी पुढे मराठीचे मोठे शास्त्रीय व्याकरण लिहिले. एकाच घरातून एक कवी आणि एक व्याकरणकार निघावा, हा योग काही नेहमीचा नव्हे.

केशवसुतांचा अंत दूर देशी झाला. १९०५ साली हुबळी येथे प्लेगने त्यांना गाठले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नीही वारल्या. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचेही नव्हते. त्यांच्या कविता मासिकांतून विखुरलेल्या होत्या. पुस्तक एकही निघालेले नव्हते. दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी त्या एकत्र करून छापल्या. सगळ्या मिळून त्या सुमारे १३५ भरतात.

गावात स्मारक व्हावयास तर आणखी पुष्कळ वर्षे लागली. १९९० साली रत्नागिरीस साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष मधु मंगेश कर्णिक यांनी पुढील वर्षी कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन केली. या परिषदेने मालगुंडचे स्मारक उभारले आणि १९९४ साली कवी कुसुमाग्रज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

घर पाहून झाले की आवारातील शिळांवर कोरलेल्या कविता वाचाव्या आणि मग शेजारच्या दालनात जावे. तेथे मराठीतील अनेक आधुनिक कवींची छायाचित्रे आणि त्यांच्या कविता लावलेल्या आहेत. ती चित्रे पाहताना मुले हटकून विचारतात, “केशवसुत दिसायला कसे होते?” त्यांचे एकही अस्सल छायाचित्र आज उपलब्ध नाही. जाणता वाटाड्या अशा वेळी मुलांना पुन्हा अंगणात, त्या शिळांपाशी घेऊन जातो आणि एकेकाला एकेक कविता मोठ्याने वाचावयास सांगतो.